डॅफोडिलची पात कापू नका

मार्च-एप्रिल आला की इथल्या, वेल्समधल्या, आपल्या मराठी घरांतून मला दरवर्षी एकच प्रश्न येतो. "गेल्या वर्षी डॅफोडिल्स किती छान आली होती, यंदा नुसती पातच का?" मी उलट विचारते, "गेल्या वर्षी फुलं संपल्यावर पातीचं काय केलंत?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: वाकडीतिकडी पसरली होती, घाण दिसत होती, म्हणून कापली. किंवा लॉन कापणारा माणूस आला आणि गवताबरोबर तीही गेली.

डॅफोडिल हे कंदापासून येणारं वसंतातलं फूल, लावणं सोपं आहे. खड्डा करा, कंद ठेवा, माती लोटा, बाकीचं काम थंडी करते. खरी काळजी घ्यायची असते ती फूल गळल्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत, आणि नेमकं तेव्हाच आपलं लक्ष ट्यूलिपकडे गेलेलं असतं.

मी निफाड तालुक्यातली, कांद्याच्या घरातली. लग्न होऊन वेल्समध्ये आले, कार्डिफला स्थिरावले, आणि मागच्या अंगणात पहिली भाजी कोणती लावली असेल तर ती कांदापात. डॅफोडिल नंतर आलं. पण ते समजायला मला माहेरचा कांदाच उपयोगी पडला. आजच्या वर्गीकरणात कांदा, लसूण आणि डॅफोडिल एकाच कुळात मोडतात. जमिनीखाली पापुद्र्यावर पापुद्रा चढवून अन्न साठवायचं, हा कांद्याचा आणि डॅफोडिलचा स्वभाव. उन्हाळ कांद्याच्या वावरात पात हिरवी असताना ती कापायला कोणी धजावत नाही, कारण कांदा पोसतो तो पातीवर. निम्म्या माना पडल्या की काढणी, आणि काढल्यावरही पात सुकेपर्यंत कांदा शेतात पातीखालीच झाकलेला. डॅफोडिलचंही तसंच समजा. फरक एवढाच, की कांद्याला डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, आला की तो कांदा वाया गेला म्हणतात, आणि इथे आपल्याला डेंगळाच हवा असतो, दरवर्षी.

सप्टेंबरमध्ये एक कंद मुद्दाम उभा चिरून बघा, हातमोजे घालून. बाहेर तपकिरी कागदासारखं साल, आत पांढरे, रसरशीत, चिकट पापुद्रे. मधोमध, बुडाला चिकटून, पिवळसर पात्यांच्या कोंबात गुंडाळलेली बारीकशी कळी दिसते. भिंग असेल तर त्या कळीत पाकळ्यांच्या आणि पुंकेसरांच्या जागाही ओळखू येतात. म्हणजे कंद दुकानात येतो तेव्हा पुढच्या वसंतातलं फूल त्यात तयार असतं. ते बनलेलं असतं मागच्या उन्हाळ्यात, पातीने साठवलेल्या अन्नावर. मुलांना हे एकदा दाखवा. माझ्या लेकीने तो चिरलेला कंद बघितल्यापासून आमच्या घरात पातीला कोणी हात लावत नाही.

कंद घेताना

गणपती बसतात त्या सुमारास इथल्या दुकानांत कंद यायला लागतात, आणि घ्यायचे ते तेव्हाच, निवड भरपूर असताना. जाळीच्या पिशवीतले असोत किंवा खोक्यातले सुटे, हातात घेऊन बघा. कंद आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. बूड, म्हणजे जिथून मुळं फुटतात ती चकती, अंगठ्याने दाबून बघा, ती टणक हवी. बूड मऊ लागलं की तो कंद सडायला लागलाय, स्वस्त मिळाला तरी नको. साल सुटलेलं असेल तर हरकत नाही. सालावर थोडी निळसर बुरशी असेल आणि खाली कंद घट्ट असेल तर तीही पुसून टाकता येते. दोन तोंडांचे कंद मिळाले तर ते आधी उचला. एकाच बुडावर दोन शेंडे असतात, फुलंही जास्त येतात.

जातींची यादी इतकी मोठी आहे की माणूस गोंधळतो. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने डॅफोडिलचे १३ गट पाडलेत आणि नोंदलेल्या जाती हजारोंनी आहेत. मी इथे मला पटलेल्या चार-पाचच सांगते.

पहिलं डॅफोडिल लावणार असाल तर 'टेट-आ-टेट' लावा. कॉर्नवॉलच्या अ‍ॅलेक ग्रे यांनी १९४०च्या दशकात तयार केलेली ही बुटकी जात. उंची १५ ते २० सेंटिमीटर, एका दांड्यावर एक ते तीन फुलं, वाऱ्यात मोडत नाही, कुंडीत उत्तम. 'किंग आल्फ्रेड' हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. मूळ जात १८९९ची, पण आज त्या नावाखाली बरेचदा तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच जाती विकल्या जातात. चांगल्याच असतात त्या, फक्त उंच असतात आणि उघड्या जागी वाऱ्याने आडव्या होतात. पांढरं फूल हवं तर 'थालिया', एका दांड्यावर दोन-तीन नाजूक, झुकलेली फुलं. आणि आमच्या वेल्सचं म्हणून 'टेन्बी'. पेम्ब्रोकशरमधलं हे छोटं, गडद पिवळं डॅफोडिल एकोणिसाव्या शतकात लोकांनी इतकं उपटून विकलं की रानातून ते नाहीसं व्हायची वेळ आली होती. आता ते रोपवाटिकेत वाढवलेलं मिळतं, तेच घ्यावं. रानातला कंद उपटू नये.

गुढीपाडव्याला घरचंच फूल हवं असेल तर जातींच्या वेळा सांभाळाव्या लागतात. पाडवा २०२३ला २२ मार्चला होता, २०२४ला थेट ९ एप्रिलला गेला. अधिक महिन्यामुळे तो पुढेमागे होतो आणि डॅफोडिलला पंचांग कळत नाही. म्हणून मी तिन्ही वेळचे लावते. 'फेब्रुवारी गोल्ड' लवकरचं, नावात फेब्रुवारी असलं तरी भर मार्चात येतो. 'टेट-आ-टेट' मार्चचं. 'थालिया' एप्रिलचं. पाडवा कधीही येवो, गुढीला काही ना काही मिळतंच.

लावणी

नवरात्र ते दिवाळी हा लावणीचा काळ धरा. सप्टेंबरचा शेवट सर्वांत चांगला, कारण डॅफोडिलची मुळं ट्यूलिपच्या आधी सुटतात आणि जमीन गार पण अजून गोठलेली नाही, अशा वेळी त्यांना पसरायला वेळ मिळतो. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावले तरी फुलतात, जरा उशिरा आणि जरा आखूड दांड्यावर.

जागा अर्धा दिवस तरी उन्हाची हवी. पानगळीच्या झाडाखाली चालतं, कारण झाडाला पालवी येईपर्यंत डॅफोडिलचं बरंचसं काम उरकलेलं असतं. सदाहरित झुडपाच्या बुडाशी मात्र नको, तिथे सावलीही आणि कोरडही.

कार्डिफला पाऊस भरपूर आणि आमची माती चिकण. हिवाळ्यात खड्डा केला तर तळाशी पाणी दिसतं. अशा मातीत नुसता खड्डा करून कंद टाकला तर तो पाण्यात बसून कुजतो. म्हणून मी वाफा कुदळीने फुटभर खोल हलवून घेते, त्यात चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि बारीक खडी मिसळते, आणि वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बोटभर-दोन बोटं उंच ठेवते. आपला गादीवाफाच तो. ताजं शेणखत घालायचं नाही. कंदाला ते सोसत नाही.

खोलीच्या बाबतीत कंजुषी करू नका. उथळ लावलेले कंद पहिल्या वर्षी फुलतात आणि मग रुसतात. खड्डा कंदाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे कंद ५ सेंटिमीटर उंच असेल तर खड्डा १५ सेंटिमीटरचा. शेंडा वर, बूड खाली. एखादा आडवा पडला तरी कोंब वाट काढून वर येतो, पण मुद्दाम कशाला? दोन कंदांत दोन कंदांएवढं अंतर ठेवा, साधारण १० सेंटिमीटर. रांगेत नका लावू. सात-आठ कंदांचा एकेक पुंजका करा, फुलल्यावर तोच भरगच्च दिसतो.

गवतात लावायचे असतील तर मूठभर कंद गवतावर हलकेच भिरकावा आणि जिथे पडतील तिथेच लावा, म्हणजे रानात उगवल्यासारखे दिसतात. मात्र आधी घरात ठरवून घ्या की त्या तुकड्यावर जूनच्या मध्यापर्यंत लॉनमोअर जाणार नाही. हे जमणार नसेल तर गवतात लावू नका, वाफ्यातच लावा.

एक चांगली बातमी, विशेषतः ज्यांचे क्रोकस आणि ट्यूलिप खारींनी फस्त केलेत त्यांच्यासाठी: डॅफोडिलच्या कंदाला खार तोंड लावत नाही. तो विषारी असतो. त्याबद्दल पुढे सांगते, कारण ते आपल्यासाठीही महत्त्वाचं आहे.

कुंडीत

फ्लॅटमध्ये किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी कुंडीच धरावी. ३० सेंटिमीटर तोंडाची, तेवढीच खोल, बुडाला भोकं असलेली. पीट नसलेलं मल्टिपर्पज कंपोस्ट तीन भाग आणि बारीक खडी एक भाग. कुंडीत कंद जवळजवळ लावता येतात, फक्त एकमेकांना आणि कुंडीच्या कडेला टेकू द्यायचे नाहीत. 'टेट-आ-टेट'चे पंधरा, मोठ्या जातीचे सात-आठ सहज मावतात. हवं तर दोन थर करा. खालच्या थरावर माती घालून वरचा थर खालच्यांच्या मधल्या जागांवर ठेवायचा, खालचे कोंब वरच्यांना वळसा घालून येतात. कुंडीखाली तीन विटांचे तुकडे ठेवा, पाणी साचत नाही.

आता सर्वांत मोठी गोष्ट. कुंडी घरात आणू नका. बाहेर थंडी आहे, बिचाऱ्या रोपाला ऊब द्यावी, असं आपल्या मनात येतं. पण बहुतेक डॅफोडिल्सना १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी मिळाल्याशिवाय दांडा वर येत नाही. हीटर लावलेल्या खोलीत नुसती लांबट, फिकी पात येते आणि कळी आतल्या आत वाळते. कुंडी बाल्कनीत, भिंतीच्या आडोशाला ठेवा. बर्फ पडला तरी चालेल. फक्त आठवड्यातून एकदा बोट घालून माती बघा. छज्जाखालच्या कुंडीवर पाऊस पडत नाही आणि कोरड्या मातीत मुळं वाढत नाहीत. कळीला रंग दिसायला लागला की मग दोन-चार दिवस गार खोलीत आणून ठेवा, हौस म्हणून.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सुपरमार्केटमध्ये फुलाला आलेल्या छोट्या कुंड्या मिळतात. त्या फुलं संपल्यावर फेकायच्या नसतात. मुळं न सोडवता गोळा तसाच अंगणात, जरा खोल लावून टाका. दोनेक वर्षांत तो रुळतो.

फुलं आणि गुढी

१ मार्च हा वेल्सच्या संत डेव्हिडचा दिवस. त्या दिवशी इथे शाळेच्या मुलांपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या छातीवर डॅफोडिल असतं. शेजारच्या आजी दरवर्षी आदल्या संध्याकाळी आमच्या दारात येऊन "तुझी उमलली का?" असं विचारतात, आणि ज्याची उमलली असतील त्याने दुसऱ्याला द्यायची, असा आमचा शिरस्ता आहे.

फुलदाणीसाठी फूल पूर्ण उमलायची वाट बघू नका. कळी आधी सरळ, पेन्सिलीसारखी उभी असते. मग ती मानेत वाकते आणि आडवी होते, हिरव्या वेष्टनातून पिवळा रंग डोकावतो. तेव्हा तोडा. दांडा बुडाशी धरून हलक्या झटक्याने मोडा, पातीला धक्का लागू देऊ नका. पाण्यात ठेवल्यावर एका दिवसात उमलतं आणि उमललेलं तोडण्यापेक्षा जास्त टिकतं.

दांड्यातून बुळबुळीत चीक गळतो. तो इतर फुलांना, विशेषतः ट्यूलिपला मारक असतो, त्याच पाण्यात ठेवलेली फुलं लवकर माना टाकतात. म्हणून डॅफोडिल्स आधी वेगळ्या भांड्यात रात्रभर ठेवायची, मग ते पाणी ओतून द्यायचं आणि दांडे पुन्हा न कापता बाकीच्यांत मिसळायची. पुन्हा कापलंत की चीक पुन्हा सुरू. काहींच्या हातांना या चिकाने खाज सुटते, कॉर्नवॉलमध्ये फुलं तोडणाऱ्या मजुरांना हा त्रास नेहमीचा आहे. हातमोजे घाला.

गुढीचा हार मी असा करते. आदल्या रात्री चीक निथळून घेतलेली फुलं दांडा तोडून घ्यायची. फुलामागे हिरवा, फुगीर भाग असतो, त्याच्यातून सुई आरपार घालायची, पाकळ्यांतून नाही. पाकळी फाटते, हा भाग धरून ठेवतो. दोन फुलांमध्ये तमालपत्राचं एकेक हिरवं पान ओवलं की फुलं एकमेकांवर घसरत नाहीत. कडुलिंब इथे मिळेलच असं नाही, पण पिवळ्या हाराने आणि साखरेच्या गाठीने गुढी भरून दिसते. नैवेद्याच्या ताटात किंवा प्रसादाच्या जवळ मात्र ही फुलं ठेवू नका.

फुलं संपल्यावर

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

फूल सुकलं की फक्त फूल आणि त्यामागचा तो फुगीर हिरवा भाग चिमटीने खुडा. तो राहिला तर झाड बी धरायला लागतं आणि कंदाकडे जायचं अन्न बियांकडे वळतं. दांडा ठेवा, तोही हिरवा आहे, तोही अन्न बनवतो.

पात किमान सहा आठवडे ठेवा. कॅलेंडरपेक्षा पातीकडे बघणं बरं: ती आपोआप पिवळी पडून, गवताच्या काडीसारखी वाळून, ओढली की हातात आली पाहिजे. मार्चअखेर फुलं संपली तर ही वेळ मे संपताना किंवा जूनमध्ये येते. तोवर ती पसरेल, वाफ्याबाहेर लोळेल, पाहुण्यांसमोर शोभायची नाही. तरी राहू द्या. तिच्या वेण्या घालू नका, गाठी मारू नका, रबरबँड लावू नका. हे इथल्या बागांमध्ये अजून दिसतं. आवळलेल्या पातीच्या आतल्या पानांना ऊन मिळत नाही आणि वाकलेल्या पानातून अन्नही नीट खाली उतरत नाही.

दिसायला वाईट वाटतं, तर झाका. डॅफोडिलच्या पुंजक्यांमध्ये उशिरा फुटणारं काहीतरी लावा: होस्टा, जेरेनियम, डे-लिली. डॅफोडिलची पात पडायला लागते तेव्हा त्यांची पानं वर येतात. मी एका वाफ्यात मधेमधे मेथी आणि कोथिंबीर टाकून बघितली होती. झाकली छान गेली, पण आता करत नाही आणि कोणाला सांगतही नाही. खायची भाजी आणि विषारी पात एका वाफ्यात नकोच.

खत द्यायचं ते याच दिवसांत. कुंडीला टोमॅटोचं द्रव खत दर दहा दिवसांनी, पात पिवळी पडायला लागेपर्यंत. जमिनीतल्यांना फेब्रुवारीअखेर, कोंब वर दिसले की, मूठभर सल्फेट ऑफ पोटॅश (पालाशाचं खत) भुरभुरवलं तरी पुरतं. जास्त नत्राचं खत नको. कांद्याला युरिया जास्त झाला की मान जाड होते आणि साठवणीच्या चाळीत कांदा सडतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. डॅफोडिलची पातही नत्राने माजते आणि कंद मऊ पडून बुडाकडून कुजतो.

एप्रिल-मे कोरडा गेला तर पाणी द्या. इथे पाऊस इतका की पाणी द्यायची सवयच राहत नाही, पण गेल्या काही वर्षांत वसंत कोरडे जाऊ लागलेत, आणि पात हिरवी असताना कंद तहानला तर त्याचा फटका पुढच्या मार्चमध्ये दिसतो.

कुंडीतले कंद मी पात वाळल्यावर काढते, माती झटकते, सावलीत वाळवते आणि जाळीच्या पिशवीत घालून शेडमध्ये हवेशीर टांगते. दाबून बघायचं, मऊ असेल तो टाकून द्यायचा, नाहीतर शेजारचे सडतात. दुसऱ्या वर्षी हे कंद कुंडीत तितके फुलत नाहीत. ते जमिनीत लावा, कुंडीसाठी नवे आणा.

पात येते, फूल येत नाही

पात कापली हे पहिलं कारण. दुसरं, उथळ लावलेत. तिसरं, गर्दी. डॅफोडिलचा कंद बगलेला पिल्लं धरतो, चार-पाच वर्षांत एका कंदाचे कितीतरी होतात आणि सगळे उपाशी राहतात. पात बारीक, गवतासारखी दाट आणि फुलं तुरळक दिसली की हेच समजा. जूनमध्ये, पात पिवळी होऊन पण अजून खुणेपुरती उरलेली असताना, बागकामाच्या काट्याने बाजूने खोल खणून सगळा गठ्ठा उचला. हाताने सुटतील ते कंद वेगळे करा, चिकटलेली पिल्लं ओढून तोडू नका. मोठे कंद लगेच नव्या जागी योग्य खोलीवर लावा किंवा वाळवून सप्टेंबरमध्ये लावा. अगदी छोटी पिल्लं एका कोपऱ्यात वेगळी लावायची, त्यांना फूल धरायला दोन-तीन वर्षं लागतात.

हे सगळं नीट असूनही कंद नाहीसे होत असतील तर एक उकरून बघा. मानेकडून मऊ आणि आत घाणीत एकच गलेलठ्ठ अळी असेल तर ती नार्सिसस माशीची (नार्सिसस हे डॅफोडिलचं शास्त्रीय नाव). ही माशी दिसते छोट्या भुंग्यासारखी. मे-जूनमध्ये उन्हाच्या जागी, वाळत आलेल्या पातीच्या बुडाशी अंडी घालते आणि अळी खाली जाऊन कंद पोखरते. फवारणीच्या मागे लागू नका. पात वाळून निघाली की जमिनीत जे भोक राहतं ते लगेच माती ओढून दाबून बुजवा, माशीची वाट बंद होते. सावलीतल्या कंदांना हिचा त्रास कमी असतो.

कंद आडवा कापल्यावर तपकिरी कडी दिसली, पात पिळवटलेली आणि तिच्यावर गाठी असतील, तर ते सूत्रकृमी, म्हणजे बारीक, धाग्यासारखे किडे. इथे हयगय नको. तो पुंजका आणि आजूबाजूचे कंद कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नाही, आणि त्या जागी काही वर्षं डॅफोडिल लावू नका.

स्वयंपाकघरापासून लांब

आपल्या घरांत कांदे-बटाटे टोपलीत उघडे असतात, म्हणून हे ठासून सांगते. डॅफोडिलचा कंद सोललेल्या कांद्यासारखाच दिसतो आणि कळ्यांच्या जुड्या कांदापातीसारख्या. त्यात लायकोरिन नावाचं विष असतं, पोटात गेलं की उलट्या सुरू होतात. शिजवल्याने ते जात नाही. २००९ साली सफोकमधल्या एका शाळेत मुलांनी केलेल्या सूपमध्ये कांदा समजून डॅफोडिलचा कंद पडला आणि मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. २०१५ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडने सुपरमार्केटना पत्र लिहून डॅफोडिल्स भाजीपाल्याजवळ ठेवू नका, असं कळवलं होतं. सासू-सासरे किंवा आई-वडील भारतातून राहायला आले असतील तर त्यांना आठवणीने दाखवा. कंदाच्या पिशवीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून ठेवा आणि ती घरात नको, शेडमध्येच ठेवा. मांजर-कुत्रं असेल तर फुलदाणीतलं पाणीही त्याच्या तोंडापासून लांब.

याच झाडात गॅलँटामिन नावाचं द्रव्यही असतं, अल्झायमरच्या औषधातलं. वेल्सच्या डोंगराळ भागात त्यासाठी डॅफोडिलची शेती करून बघितली जातेय. पण ते काम प्रयोगशाळेचं, घरगुती काढ्याचं नव्हे.

महाराष्ट्रात लावायचं तर

"येताना चार कंद आण" असं माहेराहून सांगणं येतं. आणू नका. भारतात लागवडीचे कंद नेण्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, २००३च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरचा तसा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. वर सांगितलेल्या सूत्रकृमी अशाच बॅगांतून फिरतात, आणि त्यांना कांदाही चालतो.

शिवाय आपल्याकडे साधं डॅफोडिल फुलत नाही. निफाडचा पारा बरेचदा राज्यात सर्वांत खाली जातो, पण तो पहाटे. दुपारी ऊन तापलेलंच असतं, त्यामुळे कंदाला लागणारी सलग तीन-चार महिन्यांची थंडी मिळत नाही. हौस असेल तर 'पेपरव्हाइट' लावा. हे नार्सिससच, पांढऱ्या झुपक्यांचं, वास उग्र, आणि त्याला थंडीची अट नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एखाद्या रोपवाटिकेने कंद मागवले असतील तर घ्या.

पसरट काचेच्या भांड्यात धुतलेले गोटे घाला, त्यांत कंद अर्धेअधिक रोवा, पाणी बुडाला जेमतेम टेकेल एवढंच ठेवा. कंद पाण्यात बुडाला तर सडतो. मुळं सुटेपर्यंत गार, अंधाऱ्या जागी आणि मग उजेडात. सहा ते दहा आठवड्यांत फूल येतं, म्हणजे दिवाळीनंतर लावलं तर संक्रांतीच्या आसपास. उबदार घरात दांडे लांबतात आणि कोलमडतात. त्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी शोधलेला उपाय चालतो: मुळं फुटल्यावर साध्या पाण्याऐवजी ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी द्यायचं. दांडे तिसऱ्या हिश्श्याने तरी आखूड राहतात, फुलं तेवढीच येतात. घरी रमची किंवा व्होडकाची बाटली असेल तर ४० टक्केवाल्या एका भागाला सात भाग पाणी. वाइन आणि बिअर नको, त्यातली साखर मुळांना बाधते.

पाण्यावर फुललेला पेपरव्हाइटचा कंद पुन्हा फुलत नाही, तो टाकून द्यायचा. दरवर्षी आपोआप येणारं काही हवं असेल तर याच कुळातली फुटबॉल लिली किंवा रेन लिली लावा. दोन्ही आपल्या हवेत सुखाने राहतात, पहिल्या पावसाच्या आगेमागे फुलतात. आणि त्यांचीही पात कापू नका.